उरलेल्या जागेत एकच नाव

मला अलका मांडेकरचा हेवा वाटायचा. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला उगाच शोधत बसायला नको. संपादकांनी सांगितलं होतं, मुळशीत कॉम्प्युटर आला तेव्हाचे अनुभव लिहा, चार लोकांना कळतील असे लिहा. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अलका आली. बघा, इथंही तीच पुढं.

हिंजवडीच्या कॅबांनी तुंबलेला रस्ता बघून लोकांना वाटतं, या भागात कॉम्प्युटरचं काम तिथूनच सुरू झालं. छे हो! ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा पिरंगुटला, पंपाचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्याच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. मालक लिमये सर. परदेशात नोकरी करून परत आलेले, बोलायला गोड, हिशेबाला पक्के. शेडमध्ये मशीनच्या खोलीला एसी होता, आमच्या खोलीला पंखा. उन्हाळ्यात काही ना काही निमित्त काढून मशीनपाशी जाऊन बसायचं, हा आमचा उद्योग.

मी पौडची. बाजारपेठेत अब्बांचं भांड्यांचं दुकान होतं. अलका जवळच्याच चांदे गावची, शेतकऱ्याच्या घरातली, लवळ्यावरून सायकल हाणत यायची. दोघी पुण्यात शिकलो. माझी बोली तिथं घासून गुळगुळीत झाली, तिची झाली नाही. ती लिमये सरांना खुशाल सांगायची, "सर, ह्ये असं न्हाई चालायचं." मी तेच वाक्य मनातल्या मनात शुद्ध करून, वर थोडं तूप लावून ओठांवर आणेपर्यंत सर "बरोबर आहे मांडेकर" म्हणून निघून गेलेले असायचे.

आता काम काय होतं ते सांगते. कॉम्प्युटरमधली डिस्क कधीही बसते. म्हणून तिच्यातल्या फाइलींची प्रत फ्लॉप्यांवर काढून कपाटात ठेवायची, त्याला बॅकअप म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्या सुमाराला परदेशातून एक नवी यंत्रणा आली होती. तिच्यात फाइलीला मजकुराशिवाय आणखी काही चिकटवता यायचं. फाइल कुणी केली, कशासाठी केली, तिच्यावर कुणाचा काय शेरा आहे, असली जोडमाहिती. फाइल उघडली तरी ती मजकुरात दिसायची नाही, वेगळी मागावी लागायची. शेडमध्ये आम्ही तिला पुरचुंडी म्हणायचो. बाजारातले जुने बॅकअपचे प्रोग्रॅम फाइल इमानानं जपायचे आणि पुरचुंडी वाटेत टाकून द्यायचे. पुरचुंडीसकट जपणारा आणि पुरचुंडीसकट परत देणारा प्रोग्रॅम एका परदेशी गिऱ्हाइकाला हवा होता. तो आम्ही दोघींनी करायचा होता.

सर हे फळ्यावर बाण काढून समजावत होते तेव्हा मी मनात म्हटलं, यात काय, ही तर मोड! मी नाव घालणाऱ्याची मुलगी. अब्बा दुकानात भांडी विकायचे आणि छिन्नी-हातोडीनं त्यांच्यावर नावं घालायचे. जुनं पितळ बायका मोडीत आणायच्या. ते वजनावर घ्यायचं आणि तेवढ्या वजनाचं नवं भांडं द्यायचं. पितळ तेवढंच परत मिळतं, वर घातलेलं नाव मिळत नाही. अब्बांची एक पद्धत होती. मोडीतलं भांडं काट्यावर ठेवण्याआधी ते त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे. "सखुबाई बाबुराव, माहेरची भेट. घालू मोडीत?" एखादी बाई आईचं नाव कानावर पडताच भांडं उचलून पदराखाली घ्यायची आणि गिऱ्हाईक जायचं. अम्मी वैतागायची. अब्बा म्हणायचे, "नाव वाचल्याबिगर मोडीत घालायचं न्हाई. कुणाचं हाय ते तरी म्हाईत पायजे."

तर कामाचे दोन भाग होते. एक भरणं, म्हणजे फाइल आणि तिची पुरचुंडी बांधून फ्लॉपीवर ठेवणं. दुसरा काढणं, म्हणजे डिस्क बसल्यावर फ्लॉपीवरून ते सगळं जसंच्या तसं परत आणणं. सरांनी विचारलं, "कोण काय घेणार?" मी लगेच म्हटलं, "भरणं माझं." मला वाटलं, जे आधी ते मोठं. भरलंच नाही तर काढणार काय कपाळ? अलका म्हणाली, "मग ऱ्हायलेलं माझं." मीच माझ्या हातानं धोंडा पाडून घेतला पायावर.

का, ते ऐका. भरणाऱ्याचं काम जितकं चोख, तितकं त्याला कुणी ओळखत नाही. फ्लॉपी घाला, काढा, दुसरी घाला, चिठ्ठी लावा, कपाटात ठेवा. गिऱ्हाईक जांभया देत विचारतं, "संपलं का तुमचं?" काढणाऱ्याचं तसं नसतं. डिस्क बसलेला माणूस रडत येतो आणि हसत जातो, आणि जाताना तो बघतो काढणारीकडं. पंपवाल्यांच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही अर्धाकच्चा प्रोग्रॅम वापरून बघत होतो, तिथं डिस्क बसली. मी भरून ठेवलं होतं म्हणून वाचले ते लोक. पण परत आणलं अलकानं. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा. भुकूमच्या एका कंत्राटदारानं हापूसची पेटी पाठवली, वर लिहिलेलं, 'मांडेकर मॅडम यांस'. माझ्या टेबलावर रिकाम्या फ्लॉप्यांची खोकी. मी आंबा खाल्ला, नाही असं नाही, पण कोय चोखताना तो मला आंबटच लागला. हसू नका. तुमच्या कामाचा आंबा दुसऱ्याच्या टेबलावर पिकला की कळेल.

आणि ती कामात कच्ची असती तर माझा हेवा निदान सोपा झाला असता. कच्ची नव्हती. मी कागदावर चार वेळा आखून जे बांधायचे, ते ती नुसतं बघून सोडवायची. वर गुणगुणायची. मला तिच्या गुणगुणण्याचासुद्धा राग यायचा.

अशात एका सकाळी लिमये सरांनी दोघींना बोलावलं. प्रोग्रॅम सुरू केला की पहिला पडदा येणार, त्याचं डिझाइन त्यांनी केलं होतं. वर प्रोग्रॅमचं नाव, खाली कंपनीचं. "परदेशी लोक म्हणतात, बनवणाऱ्याचंही नाव घाला. त्यांच्याकडं तशी पद्धत आहे," सर म्हणाले. "कंपनीचं नाव घालून त्या ओळीत थोडी जागा उरते. उरलेल्या जागेत एकच नाव बसेल. चाचणी होऊ दे, मग बघू कुणाचं घालायचं."

कुणाला वाटेल, एवढंसं काय त्यात! पण माझं सगळं बालपण नाव घालण्याच्या ठोक्यांत गेलं होतं, बघून बघून छिन्नी धरायला मीही शिकले होते. तालुक्यातलं एक घर नसेल जिथल्या मांडणीवर अब्बांच्या हातची अक्षरं नाहीत. धोंडाबाई, हौसाबाई, रुक्मिणी, समस्त गावकरी मंडळी. त्या सगळ्यांत आमचं नाव कुठं नव्हतं. नाव घालणाऱ्याचं नाव कोण घालतं? मला ते हवं होतं. कुठल्या तरी परदेशातल्या काचेवर 'नसीम शेख' उमटलेलं मला हवं होतं, आणि घरी येऊन अब्बांना सांगायचं होतं की तुमच्या पोरीचं नाव लागलं. मी त्याच दिवसापासून वेड्यासारखी कामाला लागले.

चाचणीचं गिऱ्हाईक सरांनी शोधलं ते अफलातून. इनामदारबाई. पुण्यात त्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं, आणि नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दोघं मुठा गावी शेतघर बांधून राहिली होती. मुलानं अमेरिकेहून मशीन पाठवलेलं, आणि त्याच्यात हीच नवी यंत्रणा. बाई हुशार. प्रत्येक स्थळाची एक फाइल. मजकुरात उंची, शिक्षण, गोत्र, पत्रिका. आणि बाईंचं स्वतःचं खासगी मत पुरचुंडीत. छापील कागदावर ते येत नसे, म्हणून बाई मोकळेपणानं लिहायच्या. 'मुलगा सोन्यासारखा, आई कडक.' 'सुगरण, पण घड्याळ पाहत नाही.' 'विडी ओढतो, चोरून.' 'मिशी काढायला तयार आहे.' त्यांचा सगळा धंदा या पुरचुंड्यांवर चालायचा.

मी मुठ्याला जाऊन आमच्या प्रोग्रॅमनं सगळं भरून घेतलं. बाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. शेवटची फ्लॉपी निघाल्यावर म्हणाल्या, "झालं? एवढंच?" आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. नुसतं पाणी.

पुढच्याच महिन्यात त्यांची डिस्क बसली. बाईंनी आम्हाला काही कळवलं नाही. मुलानं दिलेला जुना बॅकअपचा प्रोग्रॅम त्यांच्याकडं होता, तो त्या दर आठवड्याला नेमानं चालवायच्या. त्याच्या फ्लॉप्या ताज्या, म्हणून त्यांनी त्याच वापरून आपलं आपण सगळं परत काढलं. फाइली सगळ्या आल्या. एरवी जुने प्रोग्रॅम टाकून देतात त्या पुरचुंड्याही, कशा कोण जाणे, आल्या. बाई खूश. मग त्या फोनला बसल्या.

पहिला फोन एका मुलीच्या घरी. मुलीची फाइल उघडून, पुरचुंडी वाचून बाई मुलीच्या आईला म्हणाल्या, "बाकी सगळं जमतंय हो. आणि मिशी काढायला तयार आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला." पलीकडून फोन आपटला. दुसरा फोन एका हेडमास्तरांच्या चिरंजीवांबद्दल. बाईंनी मुलीकडच्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की विडी ओढतो, चोरून. हेडमास्तरांच्या कानावर ते संध्याकाळच्या आत गेलं, आणि सकाळी ते छत्री घेऊन मुठ्याच्या फाटकात उभे राहिले. बाईंनी मग सरांना फोन केला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

आम्ही दोघी एसटीनं निघालो. वाटेत मी कारण शोधत होते, ते बाईंच्या घरी पोचल्यावर सापडलं. या यंत्रणेत पुरचुंड्या फाइलीजवळ नसायच्या. सगळ्या मिळून एका कोठारात, आणि फाइलीपाशी फक्त बिल्ला. देवळाबाहेर चपला ठेवतो तसं. बिल्ला तुमच्याकडं, चपला फळीवर. बाईंचा जुना प्रोग्रॅम बिल्ल्यांसकट फाइली उचलायचा आणि कोठारही एक फाइलच समजून वेगळं उचलायचा. एका दमात उचललं तर निभायचं. पण बाईंच्या घरी ते एका दमात होत नव्हतं.

"राहुकाळात मी बंद ठेवते ना," इनामदारबाई म्हणाल्या. "नवीन फ्लॉपी राहुकाळात कशी घालायची? तो संपला की पुढं चालू."

"आन् तवर काय करता?" अलकानं विचारलं.

"तोवर जुन्या शेऱ्यांत दुरुस्त्या करते. ते काय, चालूच काम आहे. चालू कामाला राहुकाळ नसतो."

अलका माझ्याकडं बघून डोळे मिचकावून हसली. अर्ध्या फाइली राहुकाळाआधीच्या, कोठार राहुकाळानंतरचं. मधल्या वेळात बाईंच्या दुरुस्त्यांनी चपलांच्या फळ्याच बदललेल्या. बिल्ला दाखवला की दुसऱ्याच्याच वहाणा हातात. फाइल कुठली बिघडली नव्हती, शेरा कुठला हरवला नव्हता, नुसतं कुणाचं काय ते गेलं होतं.

आमच्या प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी होती. मी भरताना प्रत्येक फाइलीचा बिल्ला घेऊन कोठारात जायचे, तिची पुरचुंडी आणायचे, तिच्या गळ्यात बांधायचे आणि मगच तिला फ्लॉपीवर ठेवायचे. वेळ लागायचा. सर किती वेळा म्हणाले, "शेख, फार सावकाश आहे हो तुमचं." मी ऐकलं नव्हतं. नाव वाचल्याबिगर मोडीत घालायचं नाही, हे माझ्या हाडात होतं. म्हणून मी महिन्यापूर्वी भरलेल्या फ्लॉप्यांत प्रत्येक स्थळाचा खरा शेरा त्याच्याच गळ्यात होता.

त्या फ्लॉप्या मी पिशवीतून काढल्या आणि अलकाच्या हातात दिल्या. काढणं तिचं होतं ना.

तिनं तिथंच बसून आपल्या प्रोग्रॅममध्ये फेरफार केला. फाइली ताज्याच राहू द्यायच्या, माझ्या फ्लॉप्यांतून फक्त पुरचुंड्या काढायच्या आणि ज्याची त्याला बांधायची. मधल्या महिन्यातलं जे नवं, ते बाईंना विचारून. सांगायला जिवावर येतं, पण काम देखणं होतं. मी शेजारी बसून एकेक फ्लॉपी पुढं करत होते. दुपार कलली तशी विडी विडीवाल्याकडं गेली आणि मिशी मिशीवाल्याकडं. हेडमास्तरांच्या चिरंजीवांच्या पुरचुंडीत निघालं, 'निर्व्यसनी, वडिलांना फार भितो.' सकाळपासून तिथंच ठाण मांडून बसलेल्या हेडमास्तरांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि छत्री घेऊन शांतपणे निघून गेले.

इनामदारबाईंनी अलकाला मिठीच मारली. आतून पेढ्यांचा मोठा डबा आला. "अगं, तू माझी अब्रू परत आणलीस," असं म्हणून त्यांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. मग माझ्याकडं वळून, अगदी प्रेमानं हं, विचारलं, "आणि तू हिची मदतनीस का गं?"

मी अलकाकडं बघितलं. आता बोलेल, मग बोलेल. तिचे गाल पेढ्यानं फुगलेले. ती म्हणाली, "व्हय, माझ्याबरूबर आलीया."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परतीच्या एसटीत तिनं डबा उघडून माझ्यापुढं धरला. "घे की गं."

"मला गोड आवडत नाही," मी म्हटलं.

धादांत खोटं! पेढा म्हणजे माझा जीव की प्राण. पण तो पेढा मी खाल्ला असता तर त्या मदतनीसपणाची पावती दिल्यासारखं झालं असतं. अलकानं ते खरं मानलं आणि शेडभर सांगितलं. पुढं कुठलाही पुडा फुटला की कुणीतरी म्हणायचंच, "शेखबाईंना नको, त्यांना गोड चालत नाही." आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे. तोंडानंच घालवलं, बोलणार कुणाला?

चाचणी पार पडली. इनामदारबाईंनी सरांना फोन करून 'त्या मांडेकर मुलीचं' इतकं कौतुक केलं की निकाल मला आधीच कळला. सरांनी दोघींना समोर उभं केलं. "मांडेकर, तुमचं नाव घालू?"

मला वाटलं, ती निदान एकदा माझ्याकडं बघेल. नुसतं म्हणायला तरी म्हणेल, नसीमनं भरलं म्हणून मी काढलं. आपल्याकडं पंगतीत वाढतानासुद्धा माणूस एकदा नको म्हणतं.

सरांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. ती म्हणाली, "घाला."

बस्स. मी घरी येऊन अम्मीपाशी रडले आणि अब्बांपाशी भांडले. भांडायचं कारण काही नव्हतं, ते समोर होते एवढंच. ते हंड्यावर नाव घालत होते. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पोरी, त्या पोरीचं काम चांगलं हाय का?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणून तर."

"मग कसं करावं?" ते म्हणाले आणि ठोके घालत राहिले.

वर्षाच्या आत अलकाचं लग्न ठरलं. मुलगा मुठ्याचाच, घरची भातशेती. इनामदारबाईंनीच जमवलं. पुरचुंडीत काय लिहिलं होतं ते मी बघितलं नाही, मोह खूप झाला. भेट म्हणून अब्बांनी दुकानातली सगळ्यांत जड कळशी काढली. मी म्हटलं, "नाव नका घालू. नुसती देऊ." अब्बा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "नाव नसलेली कळशी कुणाचीबी," ते म्हणाले आणि छिन्नी घेऊन बसले. कळशी तयार झाल्यावर मी फिरवून बघितली. 'चि. सौ. कां. अलका हिस' हे ठसठशीत. 'नसीम शेखकडून सप्रेम भेट' हे गळ्याच्या बाकाशी, बारीक.

"माझं एवढंसं?"

"जागा उरली न्हाई," अब्बा म्हणाले.

माझ्या घरातसुद्धा! उरलेल्या जागेत मीच.

लग्नानंतर अलकानं नोकरी सोडली. सासरी चालणार नव्हतं म्हणे. मला वाटलं होतं, आता माझी छाती मोकळी होईल. नाही झाली. भरणं आणि काढणं दोन्ही माझ्याकडं आलं, आणि गिऱ्हाइकं विचारायची, "त्या मांडेकर मॅडम कुठं गेल्या?" तो प्रोग्रॅमही फार टिकला नाही. ती परदेशी यंत्रणाच मागं पडली, मग आमचा प्रोग्रॅम कुणाला हवा? शेड विकली गेली. मी पुढं मोठ्या कंपन्यांत गेले, हिंजवडीच्या त्याच कॅबांत बसून केस पांढरे केले आणि सन्मानानं निवृत्त झाले. हाताखाली माणसं होती. तरी कुठं नवी यादी लागली, सत्काराची, बढतीची, की माझे डोळे आधी दुसऱ्यांची नावं शोधायचे. ती सवय अलकानं लावली.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. कित्येक वर्षांनी. नमस्कार-चमत्कार काही नाही. "नसीम, अब्बांची छिन्नी हाय का गं अजून?"

अब्बा जाऊनही बराच काळ लोटला होता. छिन्नी होती. मी मुठ्याला गेले. अलका ओट्यावर बसली होती, अंगानं वाळलेली, केस माझ्याहून पांढरे. समोर ती कळशी. दोनदा बूड बदललेली, चिंच-राखेनं घासून घासून नावाचा नुसता भास उरलेला.

"नाव पार ग्येलंय बघ. परत घालून दे."

"आता मशीनवर घालून देतात की, पौडात. दोन मिनिटांत."

"मिशीनचं नगं. त्येंच्या हातासारखं पायजे. तुला येतंय, म्या बघितलंय."

मी छिन्नी काढली. ती कळशी धरून बसली. मग तिचं बोलणं निघालं, चांद्याच्या जमिनीचं. जमीन विकली होती, तिथं आता टॉवर उभे राहताहेत. भावांनी तिला सहीला बोलावलं होतं.

"बाप ग्येल्यावर सातबाऱ्याला माझं नाव लागलं," ती म्हणाली. "ते बी काढायसाठीच. आधी लावत्यात, मग हक्कसोड करून काढत्यात. लागलेलं म्या डोळ्यांनी बघितलं बी न्हाई, नुसती काढायला सही क्येली. हितलं घर न्हवऱ्याच्या नावावर, शेत पोराच्या. रेशनकार्डावर पयलं नाव सासूचं व्हतं, आता सुनंचं हाय."

मी ठोके थांबवले.

"लिमयेसाहेबांनी इचारलं ना, नाव घालू का," ती कळशीकडंच बघत म्हणाली, "तवा मला वाटलं, आधी 'घाला' म्हणावं. न्हाईतर त्येंचा इचार बदलंल. तुज्याकडं बघितलं असतं तर म्हणता आलं नसतं. दोनच जागी लागलं बघ माझं नाव. त्या पडद्यावर आन् हिच्यावर. पडदा तर ग्येला."

तीस वर्षांहून जास्त मी त्या एका शब्दावर जळत होते. आता जळायलाही काही शिल्लक ठेवलं नाही तिनं. त्याचाही मला राग आला, खरं सांगते. डोळे भरून आले म्हणून अक्षर दिसेना. मग पदरानं चष्मा पुसला आणि 'अलका' पहिल्यापासून घातलं. अब्बांच्या खुणांवर छिन्नी ठेवून, एकेक ठोका, खोल. पुन्हा घासलं तरी तिच्या नातसुनेच्या हातात उरेल इतकं.

मग खाली माझी ओळ आली. गळ्याच्या बाकाशी, बारीक.

मी ती पुसट अक्षरं सोडली आणि जरा खाली, पोटावर, नव्यानं घातली. तिच्या नावाएवढी.

अलकानं कळशी उन्हाकडं फिरवली. निरखून बघितली. "तुजं मोटं झालं की गं."

"जागा होती," मी म्हटलं.

ती हसली. तिच्या त्या जुन्या हसण्यानं गाल फुगले. उठून आत गेली आणि ताटलीत पेढे घेऊन आली. ते माझ्यासमोर ठेवता ठेवता मधेच थांबली. "अगं बया, इसरलेच. तुला गोड चालत न्हाई न्हवं? च्या टाकू का?"

"चालतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून चालतं. आण इकडं."

ती ताटली हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. मग माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "घे. परत आणणारीलाच असत्यात पेढे."

मी सगळे खाल्ले. तिला एकही ठेवला नाही.